न चुकणाऱ्या इत्सुएची चूक

इत्सुए हिबिनोला कुणी विचारलं, बाई तुमचा धंदा काय, तर ती सरळ सांगायची, "कोंबडीच्या पिल्लांची ढुंगणं बघते." विचारणारा लाजायचा, ती नाही. आमच्या मिकावात, म्हणजे जपानच्या या कोपऱ्यात, तेव्हा गावागणिक अंडी उबवायची हॅचरी होती आणि हॅचरीत सगळ्यात जास्त मान असायचा तो नर-मादी निवडणाऱ्या माणसाला. मालक आसाई आधी इत्सुएला चहा द्यायचा, मग स्वतः घ्यायचा. त्याला कारणही तसंच होतं. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याला नर हवाय कशाला? तो फुकट दाणा खाणार, तुरा काढणार आणि पहाटे उठून आरवणार. म्हणून पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की त्याच दिवशी ते काय आहे हे ज्याला कळतं, त्याच्या बोटांवर हॅचरी चालायची.

आणि एका दिवसाच्या पिल्लात बघणाऱ्याला काय कळणार, कप्पाळ. सगळी सारखीच पिवळी आणि सारखीच चिवचिवणारी. इत्सुए झगझगीत दिव्याखाली बसायची. डाव्या हातात पिल्लू उलटं धरायचं, पोट हलकंसं दाबून घाण डब्यात पाडायची, दोन बोटांनी मागची घडी उलगडायची आणि आत बघायचं. आत खसखशीच्या दाण्याएवढा उंचवटा असला तर नर, नसला तर मादी. मेला तो दाणासुद्धा धड नसतो. कधी नरात असून नसल्यासारखा, कधी मादीत नसून असल्यासारखा. तरी तुमची पापणी लवेपर्यंत तिचं पिल्लू ज्या त्या खोक्यात गेलेलं असायचं. मादी उजवीकडे, नर डावीकडे. डावीकडच्यातले थोडे जत्रेवाले घेऊन जायचे आणि गुलाबी-हिरवे रंगवून पोरांना विकायचे. बाकीच्यांसाठी मागच्या दाराशी पिंप होतं. त्या पिंपाकडे इत्सुए कधी बघायची नाही.

राग मात्र सदा नाकावर. लग्न झालं होतं, पण सासरी टिकली नाही. सासरा रोज जेवताना मिसोची आमटी खारट झाली म्हणून कुरकुरायचा. एके दिवशी हिनं त्याच्या पुढ्यातला वाडगा उचलून अंगणात ओतला आणि म्हणाली, "आता नाही खारट." त्याच आठवड्यात बोचकं घेऊन माहेरी परत. मग नागोयात एका मास्तरांकडे राहून हे काम शिकली. मास्तर शिकवताना फारसं बोलत नसत. शेजारी बसवायचे, तिनं टाकलेलं पिल्लू उचलून बघायचे आणि चुकलं की तिच्या बोटांवर काडी मारायचे. त्यांचा नियम एकच होता : न बघता बोलायचं नाही. इत्सुएनं आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल तर त्या एका माणसाचं.

तिच्या निवडीत चूक निघाली असं म्हणायची पंचक्रोशीत कुणाची छाती नव्हती. एकदाच एकानं म्हणून पाहिलं. तोकुजी निवा म्हणून वरच्या आळीचा मोठा कोंबडीवाला होता. तो हॅचरीत येऊन चारचौघांत ओरडला, "तुमच्या बाईनं तलंगा म्हणून दिल्या त्यात तीन कोंबडे निघाले. डोळे गेले वाटतं तिचे."

इत्सुएच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हात न धुता तशीच उठली, तोकुजीच्या पुढं चालत त्याच्याच अंगणात गेली आणि खुराड्यात शिरून ते तिन्ही कोंबडे बाहेर काढले. "हे बघा," ती म्हणाली, "हॅचरीची पिल्लं मोठी झाली की पांढरीशुभ्र होतात. यांच्या मानेवर तांबूस पीस आहे. ही तुमच्या घरच्या खुडूक कोंबडीनं उबवलेली. स्वतःच्या खुराड्यात काय जन्मलं ते माहीत नाही आणि माझे डोळे काढता?"

तोकुजी चाचरला. म्हणाला, "असेल बाई, मिसळली असतील."

"असेल नाही. चूक झाली म्हणा. मोठ्यानं म्हणा, त्या पलीकडच्या आजीबाईंना कमी ऐकू येतं."

सगळी आळी कुंपणाशी जमली होती. तोकुजीला म्हणावं लागलं. एवढा मोठा माणूस, देवळाच्या पंचांत बसणारा, त्याचा असा पाणउतारा झालेला गाव कधी विसरलं नाही. तोकुजी तर नाहीच नाही.

आता त्या वर्षाचं सांगायला हवं. साठ वर्षांतून एकदा आगीच्या घोड्याचं वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याला खाते, असं आमच्याकडे आजे-पणजे सांगत आले. मुलग्याला काही होत नाही. मुलगा कुठल्याही घोड्यावर बसून आला तरी चालतो. एकोणीसशे सहासष्ट साल तसलं होतं आणि आधीच्या वर्षापासूनच लोकांनी हाय खाल्ली होती. घरात टीव्ही आला, धुण्याचं यंत्र आलं, टोकियोहून ओसाकाला वाऱ्यासारखी गाडी धावायला लागली, पण यांच्या मानगुटीवरचा घोडा काही उतरला नाही. लग्नं पुढं ढकलली जात होती. दिवस गेलेल्या बायका गुपचूप तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन दुसऱ्या दिवशी फिकट तोंडानं शेतात दिसत होत्या. कुणी कुणाला विचारायचं नाही. सगळ्यांना ठाऊक आणि सगळे मिठाची गुळणी धरून.

इत्सुए भावाच्या घरी राहायची. भाऊ कोसाकू कौलांच्या भट्टीवर कामाला. त्याला तोंड होतं ते भात खाण्यापुरतं. घर चालायचं ते म्हाताऱ्या आईच्या, तोमेच्या हुकमावर. कोसाकूची बायको फुकिको, तिला दोन मुली, आणि आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत तिला पुन्हा दिवस गेल्याचं घरात कळलं. तोमेनं बोटांवर महिने मोजले. बाळंतपण चेरी फुलायच्या सुमाराला येत होतं, म्हणजे घोड्याच्या वर्षात.

"हे ठेवायचं नाही," तोमेनं रात्रीच्या जेवणात सांगून टाकलं आणि लोणच्याचा मुळा वाढला.

फुकिकोची मान खाली गेली. कोसाकूनं भात पुढं ओढला. इत्सुएनं जेवायच्या काड्या आपटल्या. "का? कोण म्हणतं नाही ठेवायचं? तो घोडा आला होता का घरी सांगायला?"

"तू मध्ये पडू नकोस. तुला पोर नाही, बाळ नाही."

"नाही ना, म्हणूनच बोलते. यांच्यातलं कुणी बोलणार आहे का?"

"मी नुईला पाहिलंय," तोमे म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही नाही पाहिलंत."

नुई तोमेची धाकटी बहीण. तोमे म्हणजे 'थांब'. चौथी मुलगी झाली तेव्हा देवाला बजावायला म्हणून बापानं हे नाव ठेवलं होतं. देवानं ऐकलं नाही, पाठीवर नुई आली, आणि आली ती मागच्या घोड्याच्या वर्षात. नुई दिसायला चांगली होती, मागावर तिचा हात धरणारी मुलगी गावात नव्हती. पण स्थळ यायचं, जन्मसाल विचारायचं आणि चहाही न पिता उठायचं. शेवटी एक जमलं, देणंघेणं झालं आणि मुलाच्या आजीनं पंचांग उघडलं. त्यानंतर चार दिवसांनी नुई पाटाच्या तळ्यात सापडली. तिला ओढून बाहेर काढलं ते तोमेनं. इत्सुए तेव्हा सात वर्षांची असेल, मावशीच्या पाठुंगळी बसून फिरणारी. तिनंही पाहिलं होतं, पण आईला ते माहीत नव्हतं.

"तसलं जिणं द्यायचं कुणाला?" तोमे म्हणाली. "त्यापेक्षा आधीच मोकळं झालेलं बरं."

"मावशीला घोड्यानं नाही मारलं," इत्सुए म्हणाली. "त्या आजीनं मारलं, तुझ्या बापानं मारलं, चहा न पिता उठून गेले त्या सगळ्यांनी मारलं. आणि ज्या बापानं तुझं नाव 'थांब' ठेवलं, त्याचंच तू पुढं चालवतेस. लाज वाटायला हवी."

मग तोमेनं सावकाश वाडगा खाली ठेवला आणि जे बोलली, ते फक्त आमच्याच गावात कुणाला सुचावं. "मग तू बघ. पिल्लाचं कळतं तुला, पोटातलंही कळेल. मुलगा असला तर राहू दे. मुलगी असली तर परवा दवाखाना."

हे खूळ तिचं एकटीचं नव्हतं. इत्सुएच्या हाताला सगळं कळतं अशी गावाची पक्की समजूत होती. रस्त्यात बायका पोट पुढं करून हसत विचारायच्या आणि ती म्हणायची, "उलटं धरता येत असेल तर बघते." थट्टा होती तोवर ठीक होतं. आता तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी पिल्लाच्या मागं बघते, आई, पोटातून आरपार नाही बघत. न बघता मी बोलत नाही," असं म्हणून ती ताटावरून उठली.

सकाळी हॅचरीत दिवा लावून बसली, पण हात चालेना. तेवढ्यात फुकिको आली. भाजीची टोपली हातात, म्हणजे घरी भाजीचं निमित्त सांगून निघाली असणार. खोक्यांच्या मधून वाट काढत जवळ आली आणि उभीच राहिली.

"वन्सं," ती म्हणाली, "मुलगा म्हणा."

"काय?"

"आज संध्याकाळी बघा आणि मुलगा म्हणा. एवढंच."

"मला खोटं बोलायला सांगतेस? मला?"

"हो."

इत्सुएला तिचा भयंकर राग आला. इतकी वर्षं ही बाई त्या घरात नुसती हो-हो करत राहिली. हिला आज तोंड फुटलं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडानं खोटं बोलवून घ्यायला. "तूच का नाही सांगत सासूला? नाही जात दवाखान्यात म्हणावं. नवऱ्याला सांग, नवरा आहे ना तो?"

"सांगितलं. ते म्हणाले, आई म्हणेल तसं." फुकिको रडत नव्हती. "मी एकटीनं नाही म्हटलं तर मला माहेरी धाडतील आणि पोरी इथं ठेवून घेतील. वन्सं, तुमचा शब्द कुणी मोडत नाही. माझा शब्द कुणी ऐकतच नाही."

"आणि मुलगी झाली म्हणजे?"

"झाल्यावर कोण परत पाठवणार आहे?"

इत्सुएच्या हातात एक पिल्लू होतं. तिनं ते बघितलं. नर होता. डावीकडं टाकायला हात गेला आणि पहिल्यांदाच तिनं मान वळवून मागच्या दाराकडे पाहिलं. पिंप आपलं तिथंच होतं, झाकण अर्धं लावलेलं. "जा घरी," ती फुकिकोला म्हणाली. "आणि ती टोपली रिकामी नेऊ नकोस. मुळे तरी घे."

संध्याकाळी ती हॅचरीतला दिवा काढून घरी घेऊन आली. तोमेनंच सांगून ठेवलं होतं, दिव्याशिवाय बघू नकोस. दारं लावली. फुकिकोला चटईवर निजवलं आणि दिवा पोटावर धरला. इत्सुएनं डावा तळहात ठेवला. हाताखाली ऊब होती आणि ताणलेली कातडी, दुसरं काहीही नव्हतं. तिला त्या क्षणी आईचा, भावाचा, त्या दिव्याचा आणि स्वतःचासुद्धा इतका संताप आला की बोलताना दातांवर दात घासले गेले.

"मुलगा," ती म्हणाली.

"नीट बघ."

"मला पुन्हा बघावं लागत नाही."

तोमेनं सुस्कारा टाकला आणि दुसऱ्या दिवशी सुनेच्या ताटात अंडं वाढलं.

इथंच मिटायचं, पण गावात काही मिटतं का? आठवडाभरात दारात बायका यायला लागल्या. कुणाची सासू घेऊन यायची, कुणाचा नवरा. एकजण तर पोटाला नव्हे, सुनेच्या जन्मपत्रिकेला हात लावून सांगा म्हणत होता, त्याला तिनं जोडे घालायलाही वेळ न देता हाकललं. बाकीच्यांना आत घेतलं, दिवा लावला, हात ठेवला. प्रत्येकीच्या चेहऱ्याकडे बघितलं की तिला फुकिकोची रिकामी टोपली आठवायची. प्रत्येकीला ती एकच शब्द बोलली. "मुलगा." मनात मात्र तिचं एकच म्हणणं असायचं : आधी जन्माला तर येऊ दे मेलं, मग बघू.

आणि मग तोकुजी निवा आला. टोपी हातात, मागं सून. योशिनो तिचं नाव, अजून पोर दिसायची. त्या अंगणातल्या पाणउताऱ्यानंतर तो इत्सुएशी एक अक्षर बोलला नव्हता. आता दारात उभा राहून म्हणाला, "झालं गेलं विसरा. तुमच्याइतकी नजर कुणाची नाही, हे मी मानतो."

इत्सुएच्या मनात आलं, याला वेडावून परत धाडावं. हा माणूस असा दारात उभा राहावा म्हणून तिनं काय नसतं दिलं. पण योशिनोनं कमरेच्या पट्ट्याचं टोक बोटांना इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. "आत ये," इत्सुए तिला म्हणाली, आणि तोकुजीला म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा. तुमचं पोट नाही बघायचं मला."

चेरी फुलल्या तेव्हा आजूबाजूच्या गावांत पाळणे रिकामे होते, आमच्या गावात मात्र ओल्या लंगोट्या बांबूंवर मावत नव्हत्या. फुकिकोला मुलगी झाली. सुईणीनं सांगितलं तेव्हा इत्सुए चुलीपाशी होती. तोमेनं बाळाकडे पाहिलं, मग बराच वेळ इत्सुएकडे पाहिलं.

"मुलगी आहे," तोमे म्हणाली.

"दिसतंय मला."

"आता दिसतंय." एवढंच बोलून म्हातारी आणखी पाणी तापवायला उठली.

मग उन्हाळाभर घरोघर पाळणे हलले. जसं व्हायचं तसंच झालं, निम्मे मुलगे आणि निम्म्या मुली. ज्यांना मुलगे झाले त्यांनी लाल दाण्यांचा शुभाचा भात आणून दिला आणि काय नजर आहे बाईंची म्हणून वाखाणलं. तो भात तिच्या घशाखाली उतरेना. ज्यांना मुली झाल्या ते रस्त्यात तोंड फिरवायला लागले, काही तर थुंकायला लागले. तोकुजीच्या योशिनोला मुलगी झाली.

पहिला घाव हॅचरीत बसला. आसाई एक दिवस चहा न देताच समोर बसला. "बाई, लोक म्हणतात तुमचे डोळे गेले. तुम्ही निवडलेली पिल्लं कुणी घेईना झालंय."

"पिल्लांत चूक निघाली का? एक तरी दाखवा."

"पिल्लांत नाही. पण पोरांत..."

"पोरांचा आणि पिल्लांचा काय संबंध?"

"ते मला कळतं हो. त्यांना कुठं कळतं?"

चीड आली ती याचीच. जे तिला कधीच येत नव्हतं, त्यावर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि आता त्याच्याच पायी, जे तिला झोपेतही येत होतं त्यावरचा विश्वास काढून घेतला. आसाईनं नागोयाहून दुसरा माणूस आणला आणि तिला अंड्यांचे ट्रे घासायला दिले. तिनं काही ट्रे घासून फोडले.

मग तोकुजीनं बोलावणं धाडलं. त्याच्याच अंगणात, त्याच कुंपणाशी, पुन्हा सगळी आळी जमवली होती. मुली झालेल्या घरांतले बाप्ये पुढं होते, बायका मागं. योशिनो ओसरीच्या कोपऱ्यात बाळाला छातीशी धरून उभी होती. फुकिको आली होती. तोमेही, काठी टेकत.

"बाई," तोकुजी म्हणाला, "मी चौकशी केली. तुम्ही एकीलाही मुलगी सांगितली नाहीत. एकीलाही नाही. मी कोंबड्यांतला माणूस आहे, एका उबवणीत सगळ्या माद्या निघत नाहीत की सगळे नर निघत नाहीत, एवढं मला कळतं. म्हणजे एक तर तुमची नजर गेली, नाहीतर तुम्ही ठरवून खोटं बोललात. आणि खोटं बोललात तर एकट्या बोलला नाहीत. कुणीतरी सांगितलं असणार. आमच्याच घरातल्या बायका त्यात असणार." हे बोलताना त्यानं मागं वळून सुनेकडे पाहिलं. योशिनो बाळासकट खांबाला टेकली.

इत्सुएला सगळं स्वच्छ दिसलं. मी ठरवून केलं, असं ती म्हणाली असती तर तिच्या नजरेवरचा डाग धुतला गेला असता. दुसऱ्या दिवशी दिव्याखालची जागाही परत मिळाली असती, कारण खोटारड्या माणसाचे डोळे चांगले असू शकतात. म्हणावंसं तर फार वाटत होतं. हो, केलं, आणि पुन्हा करीन, तुमच्या नाकावर टिच्चून करीन. पण मग संध्याकाळी प्रत्येक घरात दार लावून सुनेला विचारलं गेलं असतं, तू काय सांगितलंस तिला? आणि ते विचारताना हात काय करत असतात ते तिला माहीत होतं.

"नजर गेली," ती म्हणाली.

"काय?"

"चूक झाली. बघण्यात चूक झाली माझी."

"मोठ्यानं म्हणा," तोकुजी म्हणाला. तो सुखानं जणू फुलला होता. "पलीकडच्या आजीबाईंना कमी ऐकू येतं."

"चूक झाली," इत्सुए ओरडली. आयुष्यात न वापरलेला शब्द तो, ओरडताना आवाज फाटला. ती थांबली नाही. एकेका घराचं नाव घेऊन म्हणाली, तुमच्या सुनेच्या वेळी चूक झाली, तुमच्या लेकीच्या वेळी चूक झाली, माझ्या भावाच्या घरी चूक झाली. मुठी वळलेल्या होत्या, मान ताठ होती, आणि माफी मागणारा माणूस इतका रागावलेला गावानं तोवर पाहिला नव्हता. बाप्ये हसले. मागं उभ्या बायकांतली एकही हसली नाही.

परतताना पाठीला बाळ बांधलेली फुकिको तोंडावर बाही धरून मागून येत होती. तोमे काठी टेकत इत्सुएच्या बरोबरीनं चालत होती. तळ्याच्या बांधावर आल्यावर म्हातारी थांबली.

"चुकलीस म्हणे."

"हो."

"तू कधीपासून चुकायला लागलीस?"

तोमे तळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्या बाळाला इकडं गारवा बाधेल. माझ्या पाठीला बांध." आणि फुकिकोच्या पाठीवरची नात तिनं स्वतःच्या पाठीवर बांधून घेतली.

मुलीचं नाव मासुमी ठेवलं. चौथं वर्ष लागलं तेव्हा तोमे आणि इत्सुए तिला शरदातल्या देवळाच्या जत्रेला घेऊन गेल्या. तिथं रंगवलेली पिल्लं घेऊन एकजण बसला होता आणि योशिनोच्या मुलीला गुलाबी पिल्लू दाखवून सांगत होता, "ही घे, मोठी होऊन रोज अंडं देईल." तोकुजी नातीचा हात धरून उभा होता. इत्सुएला राहवेना. तिनं पिल्लू उचललं, उलटं केलं, बोटं आपोआप चालली. "कोंबडा आहे," ती म्हणाली. "जत्रेतले सगळे कोंबडेच असतात. पोरांना फसवू नका."

तोकुजी खो-खो हसला. "या बाईनं कोंबडा म्हटलं म्हणजे कोंबडीच. बांध रे, हीच दे." भोवतीचे लोकही हसले. इत्सुएच्या हातात तो खसखशीचा दाणा अजून स्पष्ट दिसत होता आणि तिला पिल्लू खाली ठेवावं लागलं. नजर शाबूत आहे असं आता कुणाला सांगायची सोय नव्हती.

मासुमी मात्र बोलत बसली नाही. ती सरळ पुढं गेली आणि तोकुजीच्या पोटरीला कडकडून चावली.

तोकुजी एका पायावर नाचला. "अगं आई गं. बघा, बघा कसली अवलाद. आगीचा घोडा तो हाच."

गर्दी गप्प झाली. त्या शब्दावर आमच्याकडे अजून गप्प होतात. तोमेनं काठी वाजवत पुढं येऊन नातीचा हात धरला, तिच्या ओठाला लागलेला धागा पुसला आणि तोकुजीकडे नीट बघून घेतलं.

"घोडा कसला आलाय," म्हातारी म्हणाली. "आत्यावर गेलीय."